दलदलीने जपलेला रस्ता

आयर्लंडचा नकाशा समोर ठेवा आणि बेटाच्या कडेने बोट फिरवत चला. कॉर्क, केरी, गॉलवे, मेयो, डोनेगल अशी नावे एकामागून एक लागतील. यांतली काही आपण निदान ऐकलेली असतात. आता बोट आत, बेटाच्या मध्याकडे आणा. शॅनन नदी जिथे फुगून एका लांबट सरोवराचे रूप घेते, तिथे तिच्या पूर्वेला एक छोटा तुकडा दिसेल. ही लाँगफर्ड काउंटी. काउंटी म्हणजे साधारणपणे आपला जिल्हा, पण आकार मात्र आपल्याकडच्या तालुक्याएवढा. क्षेत्रफळ १,०९१ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. बेटावरच्या बत्तीस काउंट्यांपैकी लाऊथ, कार्लो आणि डब्लिन या तीनच हिच्यापेक्षा लहान आहेत. २०२२ सालच्या जनगणनेत इथे सुमारे ४६,७०० माणसे मोजली गेली. समुद्रकिनारा नाही, मोठे शहर नाही, उंच डोंगर नाही. सर्वांत उंच टेकडी म्हणजे कॉर्न हिल, आणि तिची उंची अवघी २७८ मीटर.

अशा ठिकाणाचा भूगोल-इतिहास आपण का वाचावा? एक कारण असे की इथल्या जमिनीखाली लाकडाचा एक रस्ता सापडला. तो कोणत्या वर्षी बांधला हे आज नेमके सांगता येते, आणि ते वर्ष आहे इ. स. पू. १४८. दुसरे कारण असे की ज्या जमिनीने हा रस्ता दोन हजार वर्षांहून अधिक काळ सांभाळला, तिच्याकडे माणसांनी बहुतेक काळ अडचण किंवा इंधन म्हणूनच पाहिले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, ते पाहू.

आधी जमीन समजून घ्यायला हवी. लाँगफर्डचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. उत्तरेकडे छोट्या छोट्या टेकड्या आहेत आणि तिथले खडक फार जुने, ४२ ते ४७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. हा खडकांचा पट्टा ईशान्येला डाऊन काउंटीपर्यंत जातो आणि समुद्राखालून पलीकडे स्कॉटलंडमध्ये पुन्हा वर येतो. भूशास्त्रज्ञ त्याला लाँगफर्ड-डाऊन पट्टा असेच म्हणतात. आयपेटस नावाचा एक महासागर एके काळी इथे होता. तो हळूहळू मिटत गेला, तेव्हा त्याच्या तळावरचा गाळ दाबला जाऊन, दुमडून हे खडक तयार झाले. म्हणजे ज्या काउंटीला आज समुद्राचा थेंबही लागत नाही, तिचा सर्वांत जुना भाग समुद्राच्या तळातून आलेला आहे!

दक्षिणेकडचा भाग मात्र सपाट आणि चुनखडकाचा आहे. गेल्या हिमयुगात या साऱ्या प्रदेशावर बर्फाची जाड चादर होती. बर्फ वितळून मागे हटला, तेव्हा त्याने बरोबर आणलेली माती, वाळू आणि गोटे जागोजागी टाकून दिले. त्यामुळे पाण्याच्या वाटा अडल्या. खोलगट जागी उथळ तळी साचली. या तळ्यांचे पुढे जे झाले, तो आपल्या गोष्टीचा गाभा आहे.

तळ्याच्या काठाने लव्हाळे आणि बोरू वाढतात, मरतात आणि पाण्यात पडतात. पाण्याखाली प्राणवायू कमी असल्याने ते पुरते कुजत नाहीत. त्यांचा थर साचत जातो आणि काही शतकांत तळे भरून येते. एवढ्यावर थांबले असते तर तिथे पाणथळ रान झाले असते. पण आयर्लंडमध्ये पाऊस वर्षभर पडतो आणि हवा थंड असते. या भरलेल्या तळ्यावर स्फॅग्नम नावाचे मॉस येऊन बसते. या मॉसला मुळे नसतात. त्याच्या पेशींत मोठ्या रिकाम्या जागा असतात आणि ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवू शकते. त्याला जमिनीतले पाणी लागत नाही, आकाशातले पुरते. वरून वाढायचे आणि खालून मरायचे, असा त्याचा क्रम असतो. मेलेल्या मॉसचा थर म्हणजे पीट. वर्षाला सरासरी १ मिलिमीटर या गतीने तो चढतो. हिशोब करून पाहा: दहा हजार वर्षांत दहा मीटर. शेवटी मधला भाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच होतो, एखाद्या उपड्या बशीसारखा. याला म्हणतात उंचावलेला बॉग. मराठीत आपण सोयीसाठी 'दलदल' म्हणतो, पण आपल्या डोळ्यांसमोर येणारा खाडीचा चिखल तो नव्हे. हा ओल्या स्पंजचा प्रचंड ढिगारा आहे, आणि त्याच्या वजनात ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते. त्यावर पाय दिला तर जमीन थरथरते.

या स्पंजचे दोन गुण लक्षात ठेवायचे. त्याच्या आत प्राणवायू जवळजवळ नसतो, आणि मॉसमुळे तिथले पाणी आम्लयुक्त होते. कुजवणारे जिवाणू आणि बुरशी अशा जागी जगू शकत नाहीत. त्यामुळे जे आत पडेल ते टिकते. लाकूड, चामडे, लोकर, क्वचित माणसाचे शरीरसुद्धा. वाऱ्याने उडून आलेले परागकणही थराथरांत अडकून राहतात. त्यांवरून कोणत्या काळी आसपास कोणती झाडे होती आणि जंगल तोडून शेती कधी सुरू झाली, हे वाचता येते.

लाँगफर्ड हे नावही सांगण्यासारखे आहे. मूळ आयरिश शब्द 'लाँगफोर्ट'. त्यातला 'लाँग' म्हणजे लांब नव्हे, तर जहाज. नवव्या शतकात व्हायकिंग लोक नद्यांतून आत शिरून जहाजांभोवती तटबंदीचे तळ ठोकत. त्या तळांसाठी इतिवृत्तकारांनी हा शब्द वापरला. पुढे त्याचा अर्थ 'गढी' असा झाला. इथली गढी ओ'फॅरल घराण्याची होती. त्यांच्या मुलखाला अ‍ॅनली म्हणत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज राजवटीने या मुलखाची काउंटी केली आणि १६२० च्या सुमारास बऱ्याच जमिनी काढून इंग्रज व स्कॉटिश वसाहतवाल्यांना दिल्या. कवी ऑलिव्हर गोल्डस्मिथ याच काउंटीतला, पॅलस गावचा, असे मानतात. जुन्या पिढीतल्या शिक्षकांना त्याचे 'डेझर्टेड व्हिलेज' अभ्यासाला असल्याचे आठवत असेल.

आता त्या रस्त्याकडे वळू. काउंटीच्या दक्षिण भागात कीना नावाचे खेडे आहे आणि त्याच्याजवळ कोर्लीचा बॉग. विसाव्या शतकात आयर्लंड सरकारने पीट काढण्यासाठी बोर्ड ना मोना ही संस्था उभी केली (१९४६). पूर्वी शेतकरी फावड्याने पीटच्या विटा कापून, वाळवून चुलीत जाळत. बोर्डाने हे काम यंत्रांवर नेले. आधी चर खणून बॉगमधले पाणी काढायचे. मग उन्हाळ्यात वरचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर थर यंत्राने खरवडून त्याचा भुगा करायचा, तो वाळला की गोळा करायचा आणि पुन्हा पुढचा थर. अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाड्या हा भुगा वाहून नेत. शॅननच्या काठावर लेन्सबरो इथे पीटवर चालणारे वीजकेंद्र १९५८ मध्ये सुरू झाले होते. कोर्लीचा बॉग त्याच वीजकेंद्राच्या पट्ट्यातला.

१९८४ मध्ये पीट खरवडताना कोर्लीत ओकच्या फळ्या लागल्या. एक-दोन नव्हे, ओळीने. डब्लिनच्या विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ बॅरी राफ्टरी यांनी १९८५ पासून काही वर्षे तिथे उत्खनन केले. निघाला तो एक रस्ता. खाली भूर्जाच्या जातीच्या झाडांचे लांब सोट दोन समांतर ओळींत टाकलेले, रुळांसारखे. त्यांवर आडव्या ओकच्या फळ्या, तीन ते चार मीटर लांबीच्या. फळ्या हलू नयेत म्हणून टोकांना भोके पाडून त्यांतून खुंट्या ठोकलेल्या. रस्ता सुमारे एक किलोमीटर जाऊन बॉगमधल्या कोरड्या उंचवट्यावर चढतो आणि पलीकडे पुन्हा बॉगमध्ये उतरून तेवढाच पुढे जातो. एवढ्या कामाला शेकडो ओकवृक्ष तोडावे लागले असणार. लोखंडाची कुऱ्हाड, लाकडाच्या पाचरी आणि माणसांचे हात एवढीच त्यांची साधने. आसपासच्या बॉगमध्ये राफ्टरींना आणखीही डझनावारी लाकडी वाटा मिळाल्या, पण त्या बहुतेक फांद्यांच्या किंवा कुडाच्या, पायी चालण्यापुरत्या. गाडी जाईल एवढा रुंद हाच.

हा रस्ता इ. स. पू. १४८ सालचा, असे कसे कळले? वर्गात सांगण्याजोगी गोष्ट ही आहे. थंड प्रदेशातल्या ओकच्या खोडात दरवर्षी एक कडे वाढते. वर्ष चांगले असेल तर कडे रुंद, वाईट असेल तर अरुंद. एकाच प्रदेशातली झाडे तोच पाऊस आणि तीच थंडी सोसतात, म्हणून त्यांच्या कड्यांचा रुंद-अरुंद क्रमही पुष्कळसा सारखा असतो. आज तोडलेल्या झाडाच्या आतल्या कड्यांचा क्रम जुन्या घराच्या तुळईच्या बाहेरच्या कड्यांशी जुळला, तर साखळीचा दुसरा दुवा मिळाला. तुळईच्या आतला क्रम आणखी जुन्या लाकडाशी जुळवायचा. विद्यार्थ्यांकडून कागदाच्या पट्ट्यांवर कमी-जास्त अंतराच्या रेघा मारून घ्या. पट्ट्या थोड्या एकमेकींवर येतील अशा तुकड्यांत कापा, मिसळा आणि जुळवायला सांगा. पाच-सहा रेघा असतील तर चुकीच्या जागीही जुळतात. पन्नास-साठ असतील तर एकाच जागी जुळतात, हे त्यांचे त्यांनाच कळेल.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात माइक बेली आणि त्यांचे सहकारी हे काम कित्येक वर्षे करीत होते. योगायोग असा की ओकच्या कड्यांची ७,२७२ वर्षांची सलग मालिका त्यांनी प्रसिद्ध केली तीही १९८४ मध्येच, म्हणजे कोर्लीच्या फळ्या निघाल्या त्याच वर्षी. इतकी जुनी लाकडे त्यांना मिळाली कुठून? पुष्कळशी बॉगमधूनच! पीटखाली गाडले गेलेले काळे पडलेले ओक आयरिश शेतकऱ्याला नवे नाहीत. कोर्लीच्या फळ्या या मालिकेशी ताडून पाहिल्यावर झाडे इ. स. पू. १४८ च्या अखेरीस किंवा १४७ च्या आरंभी तोडल्याचे निघाले. पुरातत्त्वात 'अमुक शतक, अधिक-उणे पन्नास वर्षे' अशा भाषेची सवय असते. तिथे एकदम एक हिवाळा हाती आला. ज्या बॉगने रस्ता सांभाळला, त्याच बॉगने त्याचे वय मोजण्याचे घड्याळही सांभाळले होते.

पण हा रस्ता फार चालला नाही. ओकचे एवढे वजन त्या स्पंजला पेलवेना. फळ्यांवर चाकांच्या घासण्याच्या खुणा नाहीत, दुरुस्तीच्या नाहीत. बहुधा दहा-एक वर्षांतच तो खाली गेला आणि मॉसने त्याला झाकले. आजच्या भाषेत हे फसलेले सार्वजनिक बांधकाम म्हणावे लागेल. तो फसला म्हणूनच टिकला, हेही खरे. वापरात राहिला असता तर झिजून, उखडून, चुलीत जाऊन संपला असता.

एवढा खटाटोप कशासाठी केला? रोजच्या ये-जा करणाऱ्यांना फांद्यांची वाट पुरत होती, हे बाकीच्या वाटांवरून दिसतेच. मग हा रुंद रस्ता एखाद्या राजाने सामर्थ्य दाखवण्यासाठी किंवा कसल्या तरी मिरवणुकीसाठी बांधवून घेतला असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. मला हे पटण्यासारखे वाटते, पण पुरावा म्हणावा तसा नाही. इथे एक जुनी कथा आठवते. आयरिश हस्तलिखितांत जपलेल्या एटाइनच्या कथेत मिदिर नावाचा एक अतिमानवी पुरुष आहे. त्याचे घर ब्री ले, म्हणजे याच काउंटीतली अर्डाची टेकडी. राजा योखी त्याच्यावर अशक्य कामे लादतो आणि त्यांतले एक असते, ज्या दलदलीवरून कोणी कधी चालले नाही तिच्यावर रस्ता बांधण्याचे. मिदिरचे लोक एका रात्रीत झाडेच्या झाडे आणून खाली अंथरतात. राजाचा माणूस लपून पाहतो, तर त्यांच्या बैलांचे जू खांद्यावर आहे! तोवर आयर्लंडमध्ये ओढ कपाळावर बांधत, त्या रात्रीपासून खांद्यावर आले, अशी कथा सांगते. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या मुलाला यात नवल वाटणार नाही, पण कथाकाराला ते नोंदवण्याजोगे वाटले. कोर्लीच्या रस्त्याची आठवण हजारभर वर्षे तोंडी टिकून कथेत उतरली असेल का? शक्य आहे, एवढेच म्हणावे. बॉगवर रस्ते अनेकांनी बांधले होते आणि अनेकांचे बुडाले होते.

मिदिरच्या टेकडीपासून काही किलोमीटरवर एजवर्थस्टाउन नावाचे गाव आहे. वसाहतीच्या काळात आलेल्या एजवर्थ घराण्याचे हे गाव. रिचर्ड लव्हेल एजवर्थ (१७४४-१८१७) १७८२ मध्ये इंग्लंडहून आपल्या इथल्या जमिनीवर कायमचा राहायला आला. हा माणूस शिक्षकांना माहीत असायला हवा. जेम्स वॉट, जोसेफ प्रीस्टली, इरॅस्मस डार्विन ज्या बर्मिंगहॅमच्या 'लूनर सोसायटी'त जमत, त्या वर्तुळातला तो. चार लग्ने, बावीस मुले. थोरल्या मुलाला त्याने रूसोच्या 'एमिल' या पुस्तकाबरहुकूम वाढवले. पुस्तके नाहीत, शिस्त नाही, निसर्ग शिकवील ते खरे. १७७१ मध्ये पॅरिसला नेऊन त्याला खुद्द रूसोला दाखवलेही. मुलगा धट्टाकट्टा आणि निर्भय झाला, पण कोणाचेही ऐकेनासा झाला. शेवटी तो जहाजावर गेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाला.

एजवर्थने यातून जे केले ते महत्त्वाचे. त्याने दुसरे कोणते तत्त्वज्ञान उचलले नाही, तर मुलांकडे पाहायला सुरुवात केली. त्याची दुसरी पत्नी होनोरा हिने मुलांचे प्रश्न, उत्तरे, चुका वहीत जशाच्या तशा उतरवून ठेवण्याचा रिवाज घातला. ती १७८० मध्ये वारली, पण वह्या चालू राहिल्या. या नोंदींच्या आधारे एजवर्थ आणि त्याची मुलगी मारिया (१७६८-१८४९) यांनी १७९८ मध्ये 'प्रॅक्टिकल एज्युकेशन' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे पहिलेच प्रकरण खेळण्यांवर आहे. रंगीत, नाजूक, नुसती बघायची खेळणी मुले मोडतात, कारण त्यांना आत काय आहे ते पाहायचे असते. मग त्यांना पुठ्ठा, तार, डिंक, सुताराची छोटी हत्यारे का देऊ नयेत, असे त्यांचे म्हणणे. १७९८ साली छापलेले हे वाचताना आपल्याकडच्या कित्येक शाळांतले कुलूपबंद विज्ञानपेटीचे कपाट डोळ्यांसमोर येते. पुढे १८१६ मध्ये एजवर्थचा मुलगा लव्हेल याने गावात शाळा काढली आणि तिथे कॅथलिक व प्रॉटेस्टंट, गरीब व सुखवस्तू मुले एकत्र बसवली. त्या काळच्या आयर्लंडमध्ये हे धाडसच होते.

धाडस का, ते १७९८ मध्येच दिसले होते. त्या वर्षी इंग्रज सत्तेविरुद्ध उठाव झाला. ऑगस्टमध्ये सेनापती अंबेर सुमारे हजार फ्रेंच सैनिक घेऊन पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि बंडखोरांसह आत आला. ८ सप्टेंबरला लाँगफर्डच्या उत्तर भागात बॅलिनमक इथे त्यांचा शेवट झाला. शरण आलेल्या फ्रेंचांना युद्धकैदी म्हणून वागवले गेले. त्यांच्याबरोबरच्या आयरिश शेतकऱ्यांची मात्र शेकड्यांनी कत्तल झाली. एजवर्थ कुटुंब घर सोडून लाँगफर्ड शहरात आश्रयाला गेले होते. एजवर्थने आपल्या पथकात कॅथलिकांनाही घेतले होते, म्हणून तो सरकारनिष्ठ जमावाच्या संशयात आला. रात्री तुरुंगाच्या इमारतीत दोन मेणबत्त्या लावून तो वर्तमानपत्र वाचत होता, तर शत्रूला खुणा करतो आहे असा बोभाटा झाला आणि जमाव दगड घेऊन धावला. तो थोडक्यात वाचला. घरी परतल्यावर पाहतो तो बंडखोरांनी त्याच्या घराला हातही लावला नव्हता.

हाच एजवर्थ रस्ते आणि बॉग या दोन्हींत बुडालेला होता. रस्त्यांवर त्याने १८१३ मध्ये पुस्तक लिहिले. फोडलेल्या खडीच्या फटी दगडाच्या बारीक चुऱ्याने भरून काढाव्यात, म्हणजे पृष्ठभाग घट्ट बसतो, ही त्याची सूचना. मॅकॅडमचे नाव रस्त्यांना चिकटले, एजवर्थचे मागे पडले. बॉगचे काम त्याच्याकडे आले ते सरकारकडून. नेपोलियनशी युद्ध चालू होते, धान्य आणि जहाजांच्या दोरखंडांसाठी लागणारा ताग बाहेरून मिळेना. तेव्हा आयर्लंडमधले बॉग कोरडे करून पिकाखाली आणता येतील का, हे तपासायला १८०९ मध्ये आयोग नेमला गेला. इनी नदी आणि री सरोवर यांच्या आसपासच्या बॉगचे सर्वेक्षण एजवर्थने केले, तेही पासष्टी ओलांडल्यावर. पातळ्या मोजल्या गेल्या, खोल्या मोजल्या गेल्या, पाण्याचे उतार काढले गेले. मोजमापे उत्तम होती. पण प्रश्न एकच होता, की पाणी बाहेर कसे काढायचे. बॉगमध्ये जे आहे ते पाण्यामुळेच आहे, हा विचार त्या काळी कोणाला सुचण्यासारखा नव्हता. त्याचा मेहुणा फ्रान्सिस ब्यूफोर्ट, वाऱ्याच्या वेगाची श्रेणी ज्याच्या नावाने भूगोलात शिकवतात तोच, १८०३-०४ मध्ये एजवर्थबरोबर डब्लिन ते गॉलवे खुणांनी संदेश पाठवण्याची मनोऱ्यांची ओळ उभी करीत होता.

बॉग शेतीखाली फारसे आले नाहीत. माणसे मात्र वाढत गेली आणि चांगली जमीन थोड्या हातांत राहिली. गरिबाच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर कुटुंब जगवेल असे पीक एकच होते, बटाटा. सारी भिस्त बटाट्यावर ठेवणे धोक्याचे आहे का, यावर मारिया एजवर्थ आणि अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांच्यात १८२२-२३ मध्ये पत्रांतून चर्चा झाली. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला आणि पुढची काही वर्षे येत राहिला. १८४१ मध्ये लाँगफर्डमध्ये १,१५,४९१ माणसे होती, १८५१ मध्ये ८२,३४८ उरली. मेलेले किती आणि बोटीत बसून गेलेले किती, हे या आकड्यातून वेगळे काढता येत नाही. सरकारने दुष्काळी कामे काढली ती पुष्कळदा रस्त्यांची. उपाशी माणसांकडून बांधून घेतलेले, कुठेच न पोचणारे असे रस्ते आयर्लंडमध्ये अनेक ठिकाणी दाखवतात. ऐंशीच्या घरातली मारिया त्या हिवाळ्यात मदतीची पत्रे लिहीत बसली होती. तिची गोष्टीची पुस्तके वाचलेल्या बॉस्टनच्या मुलांनी तिच्या नावे पीठ पाठवले. मदतनिधीसाठी तिने १८४८ मध्ये मुलांसाठी एक शेवटची गोष्ट लिहिली आणि पुढच्या मे महिन्यात ती वारली.

ओहोटी दुष्काळानंतरही थांबली नाही. १९७१ पर्यंत लोकसंख्या २८ हजारांच्या आसपास उतरली होती. बाहेर गेलेल्यांत एजवर्थांच्याच घरातला एक वेगळ्या कारणाने गेलेला होता. मारियाचा सावत्र भाऊ मायकेल पाकेनहॅम एजवर्थ (१८१२-१८८१) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात आला, मुलतानपर्यंत अधिकारी म्हणून हिंडला आणि वाटेत वनस्पती गोळा करीत राहिला. हिमालयातल्या एका झुडपाच्या प्रजातीला त्याच्यावरून 'एजवर्थिया' असे नाव आहे. तिच्या सालीपासून नेपाळमध्ये कागद करतात, आणि जपानच्या चलनी नोटांच्या कागदात तिचे धागे असतात.

विसाव्या शतकात काउंटीत टिकून राहायचे तर काम हवे होते, आणि ते पीटने दिले. ही बाजू विसरून चालणार नाही. लेन्सबरोचे वीजकेंद्र आणि त्याभोवतीचे बॉग यांवर कित्येक कुटुंबांचे दोन-तीन पिढ्यांचे पोट चालले. फारसा कोळसा नसलेल्या देशाला आपल्या मातीतली वीज मिळाली. किंमत हळूहळू लक्षात आली. पीट जाळून मिळणाऱ्या दर युनिट विजेमागे कोळशापेक्षाही अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगातल्या जमिनीपैकी केवळ ३ टक्क्यांच्या आसपास पीटची आहे, पण सर्व जंगलांतील झाडांपेक्षा अधिक कार्बन तिच्यात साठलेला आहे. आणि यंत्र दर उन्हाळ्यात जो थर खरवडत होते, त्यात काही वर्षांची नव्हे तर शतकांची नोंद जात होती. कोर्लीभोवतालच्या बहुतेक लाकडी वाटा नोंद होता होताच भुग्यात गेल्या. यंत्र नसते तर त्या सापडल्या नसत्या आणि यंत्र होते म्हणून राहिल्या नाहीत. राफ्टरींच्या चमूचे काम अशा घाईतले होते.

लेन्सबरोचे केंद्र डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले. जानेवारी २०२१ मध्ये बोर्ड ना मोनाने पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले. आता तीच संस्था, पुष्कळदा तीच माणसे, पूर्वी खणलेले चर बुजवून बॉगमध्ये पुन्हा पाणी साठवण्याचे काम करतात. स्फॅग्नम परत धरला तरी वर्षाला १ मिलिमीटरच वाढणार. गेलेली मीटर-दोन मीटर जाडी भरून यायची तर किती काळ लागेल, हा हिशोब विद्यार्थ्यांवर सोपवता येईल. शिवाय कामगारांचा प्रश्न आहेच. चर बुजवायला जेवढी माणसे लागतात त्यांपेक्षा बॉग खरवडायला अधिक लागत होती, आणि युरोपीय संघाच्या निधीतून पर्यायी रोजगार उभा करण्याचे प्रयत्न चालले असले तरी लेन्सबरोसारख्या गावाला ते सोपे नाही.

कोर्लीत १९९४ मध्ये एक संग्रहालय उघडले. रस्त्याचा अठरा मीटरचा तुकडा प्रक्रिया करून तिथे मूळ मांडणीप्रमाणे ठेवला आहे. दोन हजार वर्षे पाण्यात राहिलेले लाकूड हवेत आणले की आक्रसते, तडकते, म्हणून त्या दालनातली हवा मोजूनमापून ठेवावी लागते. रस्त्याचा आणखी एक तुकडा मात्र उचललेलाच नाही. तो बाहेर बॉगमध्ये आहे तिथेच, पीटखाली आहे, आणि त्याच्या भोवतालचे पाणी वाहून जाऊ नये याची काळजी घेतली जाते.